अँड्र्यू कार्नेगी : एका स्थलांतरित उद्योगपतीचे विद्यादान आणि कलादान

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



एखाद्या संस्थेने ५० वर्षे पूर्ण करणे ही सामान्य गोष्ट नव्हे. संस्था स्थापन करायला उत्साह पुरेसा असतो. ती चालवायला मात्र चिकाटी लागते, चोख हिशेब लागतो आणि एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती किल्ल्या देण्याचे औदार्य लागते. आपल्या संस्थेने ते दाखवले, याबद्दल प्रारंभीच आपणा सर्वांचे अंतःकरणपूर्वक अभिनंदन करतो.

संयोजकांनी मला 'दान आणि समाज' या विषयावर बोलण्याची आज्ञा केली. दानधर्माचे शास्त्र सांगण्याचा माझा अधिकार नाही. ते आपण साधु-साध्वींच्या मुखातून ऐकत आला आहात. मी आयुष्यभर ग्रंथपालाचे काम केले. म्हणून माझ्या व्यवसायाला ज्याचे नाव कधीच विसरता येणार नाही अशा एका परदेशी दात्याची कथा आज आपल्यापुढे ठेवणार आहे. ती निव्वळ गौरवाची कथा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पण तत्पूर्वी एक घरचा अनुभव. ऐन उमेदीच्या काळात मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात नोकरीला होतो. तेथे एका भुसार मालाच्या व्यापाऱ्यांनी ग्रंथालयासाठी सुंदर इमारत बांधून दिली होती. दगडी जोते, उंच खिडक्या, प्रवेशद्वारी संगमरवरी कोनशिला. उद्घाटनाचा थाट गावाने पुष्कळ दिवस आठवणीत ठेवला. मी रुजू झालो तेव्हा त्या दालनाला कुलूप होते. पुस्तकांसाठी वार्षिक तरतूद नव्हती, मदतनिसाच्या पगाराची सोय नव्हती आणि जी थोडी पुस्तके होती त्यांवर वाळवीने आपला हक्क सांगितला होता. दानात खोट नव्हती, दात्याच्या भावनेतही नव्हती. मग चुकले कोठे? या प्रश्नाने मला बरीच वर्षे छळले. त्याचे उत्तर शोधता शोधता मी अँड्र्यू कार्नेगी यांच्या चरित्रापाशी येऊन पोहोचलो.

विणकराचा मुलगा

कार्नेगी यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८३५ रोजी स्कॉटलंडमधील डनफर्मलिन या गावी झाला. वडील विल्यम हातमागावर तागाचे नक्षीदार कापड विणत. हे गाव त्या कापडासाठी नावाजलेले होते. पुढे वाफेवर चालणारे माग आले आणि हातमाग थंडावले. इचलकरंजी, मालेगाव किंवा सोलापूरच्या विणकराला ही व्यथा वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. घरातील माग विकला, तरी प्रवासखर्चाला पैसे अपुरे पडले. ते उसने घेतले आणि १८४८ मध्ये हे कुटुंब अमेरिकेला निघाले. पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्गलगतच्या अ‍ॅलेघेनी या वस्तीत त्यांनी बिऱ्हाड थाटले. आई मार्गारेट घरी बसून जोडे शिवण्याचे काम करी. बारा-तेरा वर्षांचा अँड्र्यू सूतगिरणीत रिळे पोहोचवण्याच्या कामाला लागला. आठवड्याची मजुरी होती १ डॉलर २० सेंट.

आज या सभागृहात बसलेल्या अनेकांचे आजोबा-पणजोबा मारवाडातून, कच्छमधून, गुजरातेतून एका वळकटीनिशी या भूमीत आले. त्यांच्या घरी ही कथा वेगळ्या नावांनी सांगितली जात असेल. परमुलखात गेलेल्या माणसाच्या मनात दोन ऋणे असतात: ज्या गावाने जन्म दिला त्याचे आणि ज्या गावाने भाकरी दिली त्याचे. कार्नेगी यांच्या दानाची सारी वाट या दोन ऋणांमधून गेली आहे.

गिरणीतून तो तारघरात संदेश पोहोचवणारा पोऱ्या झाला. शाळा कायमची सुटली होती. अशा वेळी कर्नल जेम्स अँडरसन नावाच्या एका गृहस्थांनी आपला सुमारे ४०० पुस्तकांचा खाजगी संग्रह कष्टकरी मुलांसाठी खुला केला. दर शनिवारी एक पुस्तक न्यावे आणि पुढच्या शनिवारी बदलून घ्यावे. पुढे या ग्रंथालयाची व्यवस्था बदलली आणि विनाशुल्क प्रवेश केवळ कारागिरांच्या हाताखाली शिकणाऱ्या उमेदवारांपुरता मर्यादित झाला. इतरांना वर्षाला २ डॉलर भरावे लागणार होते. तारघरातील पोऱ्याला एवढी रक्कम कोठून परवडणार? १८५३ मध्ये त्याने वर्तमानपत्रात पत्र लिहून दाद मागितली आणि नियम बदलून घेतला. पुढील काळात जगभर ग्रंथालये उभारणाऱ्या माणसाचा या क्षेत्रातील पहिला पराक्रम पैशाचा नव्हता, तो एका पत्राचा होता.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण तिच्याकडे मी शेवटी परत येणार आहे. डनफर्मलिनमध्ये काही विणकरांनी आपापली मोजकी पुस्तके एकत्र करून गावकऱ्यांसाठी फिरते वाचनालय सुरू केले होते. त्या विणकरांत कार्नेगी यांचे वडीलही होते. मुलाला या गोष्टीचा अखेरपर्यंत अभिमान वाटत असे.

संपत्ती आणि तिचे प्रयोजन

रेल्वे कंपनीतील नोकरी, पुलांचा कारखाना आणि नंतर पोलाद असा त्यांच्या उत्कर्षाचा क्रम आहे. १८७५ मध्ये ब्रॅडॉक येथे त्यांचा मोठा पोलाद कारखाना सुरू झाला आणि तेथून त्यांची गणना जगातील अग्रगण्य धनिकांत होऊ लागली. परंतु मला विशेष वाटते ते १८६८ मधील एक टिपण. वयाच्या ३३ व्या वर्षी, वार्षिक उत्पन्न ५० हजार डॉलरच्या घरात असताना, त्यांनी स्वतःसाठीच लिहून ठेवले की, याहून अधिक कमावण्याचा हव्यास धरू नये, वाढीव पैसा लोकोपयोगासाठी वेचावा, आपण विद्याभ्यास करावा. धनाची पूजा माणसाला रसातळाला नेते. हा संकल्प त्यांनी पाळला नाही. पुढे ३० हून अधिक वर्षे ते कमावतच राहिले. मात्र तो संकल्प त्यांच्या मनातून पुसलाही गेला नाही.

जून १८८९ मध्ये त्यांनी 'संपत्ती' या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा मथितार्थ असा: धनिकाने आपल्या गरजेपलीकडील धनाचा केवळ विश्वस्त म्हणून सांभाळ करावा, ते आपल्या हयातीतच समाजासाठी खर्च करावे, आणि जो धनाच्या राशीवर बसून मरतो त्याचे मरण लाजिरवाणे समजावे. मृत्युपत्राने दिलेल्या दानाला त्यांच्या लेखी फारशी किंमत नव्हती. जे बरोबर नेता येत नाही ते सोडून जाण्यात कसले औदार्य, असा त्यांचा सवाल होता.

१९०१ मध्ये त्यांनी आपला पोलादाचा सर्व व्यवसाय जे. पी. मॉर्गन यांना ४८ कोटी डॉलरना विकला. त्यांतील त्यांचा स्वतःचा वाटा सुमारे साडेबावीस कोटींचा होता. वयाच्या ६५ व्या वर्षी व्यवसायातून पूर्णपणे बाहेर पडून हा गृहस्थ देण्याच्या उद्योगाला लागला. ११ ऑगस्ट १९१९ रोजी निधन होईपर्यंत त्यांनी सुमारे ३५ कोटी डॉलर दिले होते.

देण्याची रीत

मित्रहो, रकमेचा आकडा बाजूला ठेवू. माझ्यासारख्या ग्रंथपालाला त्यांच्या देण्याच्या रीतीचे अधिक अप्रूप वाटते.

पहिले ग्रंथालय त्यांनी जन्मगावाला दिले. १८८१ मध्ये डनफर्मलिनच्या ग्रंथालयाची कोनशिला त्यांच्या मातोश्रींच्या हस्ते बसवण्यात आली. जी स्त्री ३३ वर्षांपूर्वी कर्ज काढून गाव सोडून गेली होती, तिच्या हातून गावाला ग्रंथालय मिळाले. दारावर उगवत्या सूर्याचे शिल्प आणि प्रकाश होवो अशा अर्थाचे वचन कोरलेले आहे. त्यानंतर १८८९ मध्ये ब्रॅडॉकला आणि १८९० मध्ये अ‍ॅलेघेनीला ग्रंथालये उभी राहिली. अ‍ॅलेघेनीच्या ग्रंथालयासमोर त्यांनी पुढे कर्नल अँडरसन यांचे स्मारक उभारले. उपकारकर्त्याचे नाव स्वतःच्या इमारतीपुढे ठेवणारा दाता विरळा.

नंतर मागणी वाढत गेली आणि त्यांनी एक पद्धत ठरवून दिली. ज्या गावाला ग्रंथालय हवे त्याने रीतसर अर्ज करावा. इमारतीसाठी कार्नेगी पैसे देतील. पण जागा गावाने द्यायची, आणि इमारतीला जेवढी रक्कम मिळेल तिच्या १० टक्के रक्कम दरवर्षी पुस्तके, पगार आणि देखभाल यांसाठी गावाने आपल्या करांतून खर्च करायची. इमारतीला १० हजार डॉलर मिळाले तर गावाने दरवर्षी १ हजार डॉलर खर्च करण्याचा अधिकृत ठराव पाठवायचा. ठराव आल्याशिवाय पैसा सुटत नसे. त्यांचे चिटणीस जेम्स बर्ट्राम हे सर्व अर्ज काटेकोरपणे तपासत. घुमट, रुंद जिने आणि शोभेच्या शेगड्या यांवर जागा व पैसा उधळलेला त्यांना मुळीच खपत नसे. १९११ मध्ये त्यांनी ग्रंथालय कसे बांधावे याची सूचनापत्रिकाच काढली: आतील जागा मोकळी असावी आणि एका टेबलापाशी बसून एकच ग्रंथपाल सगळीकडे लक्ष ठेवू शकेल अशी रचना असावी.

या रीतीने जगभर २,५०९ ग्रंथालये उभी राहिली. त्यांपैकी १,६७९ सार्वजनिक ग्रंथालयांच्या इमारती एकट्या अमेरिकेत बांधल्या गेल्या. उरलेली ब्रिटन, आयर्लंड, कॅनडापासून न्यूझीलंड आणि फिजीपर्यंत विखुरलेली होती. आपले नाव दारावर घातलेच पाहिजे, अशी त्यांची अट नव्हती.

या १० टक्क्यांच्या अटीतच माझ्या त्या कुलूपबंद दालनाचे उत्तर दडलेले होते. कार्नेगी यांनी गावाला इमारत दिलीच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गावाला एका जबाबदारीने बांधून घेतले. ज्या गोष्टीसाठी आपण दरवर्षी थोडे थोडे देतो ती आपली होते. जी आयती मिळते ती परक्याची राहते. आपल्याकडेही हे तत्त्व एका द्रष्ट्या पुरुषाने ओळखले होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून बडोद्याच्या गादीवर गेलेले महाराजा सयाजीराव गायकवाड १९०६ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले, तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यास पाचारण केले. बडोदे संस्थानातील गावोगावच्या ग्रंथालयांनाही सरकारी मदत मिळे ती गावकऱ्यांनी स्वतः वर्गणी जमवली तरच.

तरीही ही रीत निर्दोष होती असे म्हणता येणार नाही. कार्नेगी इमारती देत. पुस्तके आणि प्रशिक्षित माणसे यांची चिंता त्यांनी गावावर सोडली होती. काही गावांनी ठराव केले आणि नंतर ते पाळले नाहीत. १९१६ मध्ये अल्विन जॉन्सन या अभ्यासकाने पाहणी करून स्पष्ट अहवाल दिला की, चांगल्या ग्रंथपालावाचून चांगली इमारत मुकी राहते. पुढच्याच वर्षी नव्या इमारतींसाठी देणग्या देणे थांबले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत याहून गंभीर उणीव होती. तेथे अनेक ग्रंथालयांची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. अटलांटा येथे १९०२ मध्ये नव्या ग्रंथालयात आपल्या लोकांना प्रवेश मिळावा म्हणून विद्वान डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना दाद मागावी लागली आणि ती मिळाली नाही. दारावर प्रकाशाचे वचन कोरून भागत नाही. दार कोणासाठी उघडते हेही पाहावे लागते.

पोलादाच्या गावात कला

कार्नेगी यांच्या कलादानाविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. पिट्सबर्ग हे त्या काळी धुराने काळवंडलेले शहर होते. भर दुपारी रस्त्यावर दिवे लावावे लागत. अशा शहराला १८९५ मध्ये त्यांनी एक भव्य वास्तू दिली. तिच्यात ग्रंथालय, संगीत सभागृह, कलादालन आणि निसर्गविज्ञान संग्रहालय एकाच छपराखाली होते. कामगाराने पुस्तक बदलायला यावे आणि जाता जाता चित्र पाहून जावे, अशी ती कल्पना.

त्या काळचे धनिक युरोपातील जुन्या थोर चित्रकारांच्या कृती अवाच्या सव्वा किमतीला विकत घेत. कार्नेगी यांनी वेगळी दिशा धरली. आज जे चित्रकार हयात आहेत, काम करीत आहेत, त्यांची चित्रे जमवा, म्हणजे उद्याचे थोर चित्रकार आपल्याकडे आधीच असतील, असे त्यांचे म्हणणे होते. १८९६ पासून तेथे आंतरराष्ट्रीय चित्रप्रदर्शन भरू लागले. १९२७ मध्ये मातीस आणि १९३० मध्ये पिकासो यांना तेथे प्रथम पारितोषिक मिळाले. १९०७ मध्ये वास्तुशिल्पाचे एक दालन उघडण्यात आले. त्यात युरोपातील प्राचीन मंदिरे, चर्च आणि पुतळे यांच्या पूर्णाकृती प्लॅस्टर प्रतिकृती मांडल्या आहेत. ज्याला आयुष्यात कधी फ्रान्सला जाता येणार नाही त्याने चर्चचा प्रचंड दर्शनी भाग आपल्या गावीच पाहावा, हा त्यामागचा उद्देश होता.

न्यूयॉर्कमधील त्यांच्या नावाचे संगीतगृह १८९१ मध्ये सुरू झाले, तेव्हा उद्घाटनासाठी रशियाचे संगीतकार चायकॉव्हस्की आले होते. १९६० मध्ये ही वास्तू पाडली जाणार होती. व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न आणि शहरातील नागरिक यांनी चळवळ केली, आणि शहराने ती विकत घेऊन वाचवली. दात्याने उभारलेली गोष्ट पुढे लोकांनी राखली, याचे हे उत्तम उदाहरण.

शिक्षणाच्या क्षेत्रात १९०० मध्ये त्यांनी पिट्सबर्गच्या कामगारांच्या मुलांसाठी तंत्रशाळा काढण्याचे ठरवले. तिचेच पुढे महाविद्यालय झाले आणि १९६७ मध्ये मेलन संस्थेशी एकत्र येऊन कार्नेगी मेलन विद्यापीठ निर्माण झाले. आज आपल्याकडील कितीतरी मुले-मुली संगणकशास्त्र शिकायला तेथे जातात. स्कॉटलंडच्या विद्यापीठांसाठी त्यांनी १९०१ मध्ये १ कोटी डॉलरचा निधी दिला. एका विद्यापीठाचे विश्वस्त झाल्यावर प्राध्यापकांचे तुटपुंजे पगार पाहून ते अस्वस्थ झाले. म्हातारपणी शिक्षकाने कोणापुढे हात पसरावेत, या विचारातून १९०५ मध्ये त्यांनी शिक्षकांच्या निवृत्तिवेतनासाठी आणखी १ कोटी डॉलर दिले.

आणि जन्मगावाचे एक ऋण अजून बाकी होते. डनफर्मलिनमध्ये एका जमीनदाराचे पिटनक्रीफ नावाचे रम्य वन होते. लहानपणी कार्नेगींच्या घरच्या मंडळींना तेथे पाऊल टाकण्याची बंदी होती, कारण त्यांचे आजोबा आणि मामा जमीनदाराविरुद्ध लढणारे होते. १९०२ मध्ये त्यांनी ते वन विकत घेतले आणि दुसऱ्या वर्षी सर्व गावकऱ्यांना बाग म्हणून अर्पण केले. अपमानाची अशी सुंदर फेड क्वचितच पाहायला मिळते.

होमस्टेडचा डाग

मित्रहो, येथेच थांबलो असतो तर व्याख्यान गोड झाले असते. पण मग मी आपली फसवणूक केली असती.

पिट्सबर्गजवळ होमस्टेड येथे कार्नेगी यांचा मोठा पोलाद कारखाना होता. तेथे सुमारे ३,८०० कामगार होते. १८९२ मध्ये वेतनकपात आणि कामगार संघटनेशी करार न करण्याचे धोरण यांवरून तंटा पेटला. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये विश्रांतीला होते. कारखान्याचे सूत्रचालक हेन्री क्ले फ्रिक यांना त्यांनी पत्रांतून पूर्ण पाठिंबा दिला होता. ६ जुलै १८९२ च्या पहाटे पिंकर्टन संस्थेचे ३०० सशस्त्र रखवालदार पडावांतून नदीमार्गे आणण्यात आले. दिवसभर गोळीबार झाला. दोन्ही बाजूंची मिळून निदान १० माणसे मेली. मग राज्याचे सैन्य आले, संप मोडला, संघटना मोडली. त्यानंतर तेथे १२ तासांची पाळी हाच नियम झाला.

विशेष म्हणजे सहाच वर्षांपूर्वी, १८८६ मध्ये, याच कार्नेगींनी लेख लिहून कामगारांच्या संघटना करण्याच्या हक्काचे समर्थन केले होते. होमस्टेडची खंत त्यांना अखेरपर्यंत होती आणि आत्मचरित्रात त्यांनी ती व्यक्तही केली आहे. परंतु खंत वाटल्याने कामगाराची मजुरी वाढली नाही.

१८९८ मध्ये त्याच होमस्टेडला त्यांनी ग्रंथालय दिले. संगीत सभागृह आणि पोहण्याचा तलाव असलेली ती देखणी वास्तू आजही उभी आहे. पण तेथील कामगारांचा प्रश्न साधा होता: जो माणूस १२ तास भट्टीपुढे उभा राहतो त्याने वाचायचे कधी?

कार्नेगी यांचे यावर उत्तर तयार होते. त्यांच्या निबंधातच ते आहे. वाढीव पैसा थोडाथोडा मजुरीत वाटला तर तो खाण्यापिण्यात उडून जाईल. तोच पैसा शहाण्या धनिकाने एकत्र ठेवून मोठ्या कामाला लावला तर सर्वांचे कल्याण होईल, असे त्यांचे मत होते. वरवर पाहता हे पटण्यासारखे वाटते. विश्वस्त हा शब्द ऐकून आपल्याला महात्मा गांधींची आठवणही होईल. पण दोहोंत अंतर आहे. गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेत कमाई चालू असतानाच मालक विश्वस्त असतो. ज्याच्या घामातून धन निर्माण होते तो मजूर त्या धनाचा पहिला वाटेकरी असतो. कार्नेगींच्या कल्पनेत कमाई संपल्यावर विश्वस्तपण सुरू होते.

आता त्या विणकरांकडे परत येऊ या. डनफर्मलिनचे ते वाचनालय कोणत्या धनिकाने काढले होते? कोणीच नाही. गरीब विणकरांनी आपल्या मिळकतीतून घेतलेली पुस्तके एकत्र करून ते काढले होते. मजुराच्या हातात पैसा आला तर तो वायाच जातो, या म्हणण्याला खुद्द कार्नेगींच्या वडिलांनीच खोटे पाडले होते. मुलाने वडिलांचा अभिमान बाळगला, पण त्यांच्या वाचनालयातून निघणारा धडा त्याला दिसला नाही. या थोर दात्याच्या चरित्रातील हीच जागा मला सर्वांत चटका लावते. ज्याला योग्य मजुरी आणि थोडी फुरसत मिळते तो आपले ग्रंथालय आपणच काढू शकतो. ज्याच्याकडून ती काढून घेतली, त्याला दिलेले ग्रंथालय हे दान म्हणावे की परतफेड?

बियाणे कोठे रुजले

तर मग हे सारे दान निष्फळ ठरले काय? नाही. दानाला एक स्वतंत्र आयुष्य असते. दात्याच्या गुणदोषांपलीकडे ते वाढत राहते.

आजच्या स्लोव्हाकियातील मिकोवा या खेड्यातून एक गरीब जोडपे पिट्सबर्गला आले. पती मजुरी करी. त्यांचा अँडी हा मुलगा १९३७ च्या सुमारास कार्नेगींच्या कलासंस्थेतील शनिवारच्या मोफत चित्रकला वर्गाला जाऊ लागला. १९४२ मध्ये वडील वारले. त्यांनी पै पै करून साठवलेल्या पैशातून तो कार्नेगींच्या तंत्रसंस्थेत शिकला आणि १९४९ मध्ये पदवीधर झाला. हाच जगप्रसिद्ध चित्रकार अँडी वॉरहॉल. येथे दात्याची मोफत शाळा आणि मजुराची बचत दोन्ही मिळून एक कलावंत घडला, हे विसरू नये. १९९४ मध्ये त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले ते जुन्या अ‍ॅलेघेनीच्याच परिसरात. जेथे दर शनिवारी एक स्थलांतरित पोऱ्या पुस्तक बदलायला जाई, तेथेच शनिवारच्या वर्गातील दुसऱ्या स्थलांतरिताच्या मुलाची चित्रे आज लागली आहेत.

दुसरे उदाहरण ऑगस्ट विल्सन या कृष्णवर्णीय नाटककाराचे. १९६० मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याच्यावर निबंध दुसऱ्याकडून लिहून घेतल्याचा खोटा आरोप झाला. स्वाभिमानी मुलाने शाळाच सोडली आणि तो रोज पिट्सबर्गच्या कार्नेगी ग्रंथालयात जाऊन वाचू लागला. पुढे त्याला नाट्यलेखनासाठी दोनदा, १९८७ आणि १९९० मध्ये, पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्या ग्रंथालयाने त्याला सन्मानाने पदविका दिली. शाळेने गमावलेला विद्यार्थी ग्रंथालयाने राखला. लक्षात घ्या, ही गोष्ट घडली तेव्हा कार्नेगींना जाऊन ४० वर्षे उलटली होती. पिट्सबर्गचे नागरिक दरवर्षी कर भरत होते, ग्रंथपाल रोज दार उघडत होता, म्हणून हे घडले.

समारोप

त्या कुलूपबंद दालनाची गोष्ट अर्धी राहिली आहे. ती पूर्ण करतो. एके दिवशी ते व्यापारी स्वतः महाविद्यालयात आले. वय झाले होते, हातात काठी होती. त्यांनी दालन पाहण्याची इच्छा व्यक्त केली. मी संकोचत कुलूप काढले. ते काही वेळ स्तब्ध उभे राहिले आणि म्हणाले, "सर, पुस्तकं कुठे आहेत?" मी सारी परिस्थिती सांगितली. "शेठजी, इमारत आपण दिलीत, पण रोज ती उघडायची कोणी, याची तरतूद कोणीच केली नाही." ते म्हणाले, "मला हे कोणी विचारलंच नाही हो. विचारलं असतं तर मी दगड थोडा कमी लावला असता."

पुढे त्यांनी एक ठेव ठेवली; तिच्या व्याजातून मदतनिसाचा पगार निघू लागला. आम्ही शिक्षकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी पुस्तकांसाठी दरवर्षी वर्गणी देण्याचे ठरवले. मी ते गाव सोडले तेव्हा त्या दालनात संध्याकाळी जागा मिळत नसे. तेव्हापासून मी एक गोष्ट मानत आलो आहे. दात्याचे औदार्य अनेकदा आपण मागणारेच अपुरे ठेवतो. त्याच्याकडे इमारत मागतो, कारण ती दिसते. पगार, दिवाबत्ती, पुस्तकांची बांधणी या न दिसणाऱ्या गोष्टी मागायला आपल्याला लाज वाटते.

आपली संस्था आता ५१ व्या वर्षात प्रवेश करीत आहे. या प्रसंगी नव्या योजनांचे विचार चालू असतील, नवे दाते पुढे येतील. त्या वेळी इमारतीच्या आराखड्याबरोबर पुढील २५ वर्षांच्या खर्चाचा आराखडाही मांडावा. लाभार्थ्यांकडून अल्प का होईना, वाटा घ्यावा, म्हणजे त्यांना आपण ऋणाईत न वाटता भागीदार वाटू. आपले दार कोणाला बंद तर नाही ना, हे अधूनमधून बाहेर उभे राहून पाहावे. आणि आपल्यापैकी जे उद्योग-व्यापार करतात त्यांना हात जोडून एवढेच सांगेन की, आपल्या दुकानातील नोकर, कारखान्यातील कामगार आणि घरकाम करणारी बाई यांच्या मुलाबाळांचे शिक्षण आपण देत असलेल्या पगारात होते का, हा हिशेब देणगीच्या पावतीआधी करावा. दानाचा पहिला अक्षर तेथे गिरवला जातो.

कार्नेगी यांनी जगाला २,५०९ ग्रंथालये दिली, हे त्यांचे ऋण ग्रंथपाल म्हणून मी मस्तकी धरतो. परंतु आज घरी जाताना आपण त्या विणकरांनाही आठवावे, ज्यांनी आपली चार पुस्तके शेजाऱ्यासाठी मांडून ठेवली. धनिकाने किती द्यावे हे कार्नेगींनी दाखवले. देण्यासाठी धनिक असावे लागत नाही, हे त्यांच्या वडिलांनी.